घराच्या पोटातली अदृश्य गळती

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या मंडळींच्या गप्पांत एक तक्रार हमखास ऐकू येते. घर मोठे, बागबगीचा छान, सोयी सगळ्या. पण आम्हाला दिलेली खोली मात्र थंडगार. खाली दिवाणखान्यात सगळे अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत वावरत असतात आणि वरच्या मजल्यावर, मोटारीच्या गॅरेजवर बांधलेल्या त्या खोलीत दोन-दोन रजया घेऊनही थंडी वाजते. उन्हाळ्यात गेले तर नेमके उलटे. सगळे घर गार आणि तीच एक खोली तापलेली. मुलगा थर्मोस्टॅटचा आकडा वाढवतो, विजेचे आणि गॅसचे बिल वाढते, खोली मात्र आपला स्वभाव सोडत नाही. शेवटी कोपऱ्यात एक विजेची शेगडी येते आणि विषय तेथेच संपतो.

वास्तविक तो तेथे संपायला नको. त्या खोलीसाठी तापवलेली हवा बहुधा यंत्रातून निघालेली असते. ती वाटेतच कुठेतरी सांडलेली असते. नळ गळला तर टपटप ऐकू येते, छत गळले तर भिंतीवर ओल उमटते. हवा गळली तर आवाजही येत नाही आणि डागही पडत नाही. तिचा पत्ता लागतो तो महिनाअखेरीच्या बिलात आणि घरातील माणसांच्या खोकल्यात. या गळतीचे स्वरूप काय, ती शोधायची कशी आणि बुजवायची कशी, याची माहिती अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना तर उपयोगी आहेच. पण त्यांच्याकडे राहायला जाणाऱ्यांनाही ती असलेली बरी.

एका यंत्राचे घर

आपल्याकडे वातानुकूलन म्हटले की भिंतीवरचा लांबट खोका आणि बाहेर सज्जावर बसवलेला त्याचा जोडीदार डोळ्यांसमोर येतो. एका खोलीला एक यंत्र असा साधा हिशेब. अमेरिकेतील बहुसंख्य स्वतंत्र घरांत मात्र संपूर्ण घराला एक किंवा दोन यंत्रे असतात. हिवाळ्यात गॅसची भट्टी म्हणजे फर्नेस किंवा हीट पंप हवा तापवतो आणि उन्हाळ्यात त्याच मार्गावर बसवलेली थंड नळ्यांची जाळी ती गार करते. एक मोठा पंखा ही हवा पत्र्याच्या किंवा लवचीक नळ्यांमधून प्रत्येक खोलीत ढकलतो. या नळ्यांना डक्ट म्हणतात. खोलीतील जमिनीवरच्या वा छतातल्या जाळीतून हवा आत येते आणि दुसऱ्या एका मोठ्या जाळीतून ती परत यंत्राकडे ओढली जाते. जाणारी वाहिनी आणि परतीची वाहिनी अशा या दोन बाजू आहेत. शरीरातील धमन्या आणि शिरा यांच्याशी त्यांची तुलना केली तर ती वावगी ठरू नये.

अडचण अशी की या वाहिन्या घराच्या राहत्या भागातून जातातच असे नाही. न्यू जर्सीसारख्या ईशान्येकडील राज्यांत यंत्र बहुधा तळघरात असते. दुमजली घर असेल तर वरच्या मजल्यासाठी दुसरे यंत्र पोटमाळ्यावर बसवलेले असते. टेक्सास, फ्लोरिडा, अॅरिझोना या उष्ण भागांत घरांना सहसा तळघर नसते. तेथे वाहिन्यांचे जाळे सरळ पोटमाळ्यावर पसरलेले असते. काही ठिकाणी घराची जमीन आणि माती यांच्यामधल्या, माणसाला सरपटतच जावे लागेल अशा बुटक्या पोकळीतून त्या नेलेल्या असतात. पोटमाळ्याला उष्णतारोधक आवरण असते ते त्याच्या जमिनीवर, म्हणजे घराच्या छतावर. पोटमाळा स्वतः जवळजवळ उघड्यावरच असतो. कडक उन्हाळ्यात तेथील तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते आणि हिवाळ्यात बाहेर बर्फ असेल तेव्हा तोही गोठलेला असतो. घरातील सर्वांत थंड हवा घरातील सर्वांत तापलेल्या जागेतून न्यायची, असा हा उफराटा व्यवहार आहे.

शिवाय या नळ्या अखंड नसतात. पत्र्याच्या तुकड्याला तुकडा जोडत, वळणे घेत, फाटे फोडत त्या खोल्यांपर्यंत पोहोचतात. एका मध्यम घरात असे अनेक डझन सांधे सहज निघतात. बांधकामाच्या घाईत काही सांधे नुसतेच एकमेकांत सरकवलेले असतात, काहींवर चिकटपट्टी गुंडाळलेली असते आणि तीही काही वर्षांत सुटते. अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार या कार्यक्रमानुसार तेथील सर्वसाधारण घरात वाहिन्यांतून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळती, भोके आणि सैल सांधे यांमुळे वाया जाते.

गळतीचा हिशेब

टक्क्यांनी मनावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील मध्यम घरात तीन टनांचे यंत्र असते असे धरू. साधारण हिशेबाने एका टनामागे यंत्र मिनिटाला ४०० घनफूट हवा फिरवते. म्हणजे तीन टनांचे यंत्र मिनिटाला १२०० घनफूट. दहा फूट बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे नेमकी १२०० घनफूट हवा. पंचवीस टक्के गळती असेल तर दर चार मिनिटांनी अशा एका खोलीइतकी तापवलेली किंवा गार केलेली हवा पोटमाळ्यावर सोडून दिली जाते. पंखा चालू असेपर्यंत हे अव्याहत चालते.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. जाणाऱ्या वाहिनीतून जी हवा बाहेर सांडते तिची जागा घरात कोणीतरी भरून काढावीच लागते. परतीची वाहिनी घरातून हवा ओढतच असते. पण तितकी हवा घरात पोहोचत नाही. त्यामुळे घरातील दाब किंचित कमी होतो आणि खिडक्यांच्या फटी, दारांच्या चौकटी, विजेच्या खटक्यांची भोके अशा मिळेल त्या वाटेने बाहेरची हवा आत शिरते. ती हिवाळ्यात गोठवणारी असते, उन्हाळ्यात दमट आणि तापलेली. म्हणजे तापवलेली हवा गेली ती गेलीच, वर थंड हवा घरात आली. दारे-खिडक्या चांगल्या असूनही घरात वाऱ्याची झुळूक जाणवते, त्याचे मूळ पुष्कळदा या वाहिन्यांत असते.

परतीच्या वाहिनीतील गळती त्याहून महागात पडते. तिथे हवा बाहेर जात नाही. बाहेरची आत ओढली जाते. समजा, घरातून २५ अंशांची हवा यंत्राकडे परत येत आहे आणि तिच्यात पोटमाळ्यावरची ५५ अंशांची हवा केवळ दहा टक्के मिसळली. यंत्रात शिरताना हवेचे तापमान २८ अंश झाले. म्हणजे तीन अंशांचा बोजा विनाकारण वाढला. चांगले यंत्र आपल्यातून जाणारी हवा साधारण ११ अंशांनी गार करते. त्यातले तीन अंश नुसती ही घुसखोर हवा मूळपदावर आणण्यात गेले. दहा टक्के गळतीने यंत्राची पाव शक्ती खाल्ली. यंत्र दिवसभर घरघरत राहते आणि तरीही घर गार होत नाही, तेव्हा लोक यंत्र लहान पडले असे समजून मोठे बसवतात. मोठे यंत्र जास्त जोराने हवा ढकलते आणि जास्त जोराने गळते.

नवीन यंत्राच्या कार्यक्षमतेचे आकडेही याच कारणाने फसवे ठरतात. ९५ टक्के कार्यक्षमतेची भट्टी विकत घेतली आणि तिची पाव उष्णता वाटेत सांडली, तर ढोबळमानाने घराला ७१ टक्केच लाभ होतो. जुन्या, साध्या भट्टीची कार्यक्षमता याहून फार वाईट नसते. हजारो डॉलर खर्च करून आणलेली सुधारणा काही डॉलरच्या लेपाअभावी व्यर्थ जाते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. सर्वच गळती सारखी नसते. तळघर जर घराच्या उष्णतारोधक कवचाच्या आत असेल तर तेथे सांडलेली हवा पूर्णपणे वाया जात नाही. ती तळघर गरम करते आणि थोडीफार वरही येते. त्या घरात प्रश्न बिलाचा कमी आणि एखादी खोली थंड राहण्याचा जास्त असतो. पोटमाळा, गॅरेज किंवा घराखालची पोकळी येथे झालेली गळती मात्र सरळ घराबाहेर झालेली समजावी.

प्रश्न श्वासाचाही

पैशांचा हिशेब एकवेळ बाजूला ठेवू. वाहिन्यांच्या गळतीकडे दुर्लक्ष करू नये याचे अधिक गंभीर कारण आरोग्याचे आहे. परतीची वाहिनी जेथून जाते तेथील हवा ती ओढते. पोटमाळ्यावरची धूळ आणि काचतंतूंचे कण, घराखालच्या ओल्या मातीचा कुबट वास आणि बुरशी, हे सारे त्या वाटेने शयनगृहात पोहोचते. हवा गाळण्यासाठी यंत्राच्या तोंडाशी चाळणी असते खरी. परंतु गळती चाळणी आणि पंखा यांच्यामध्ये असेल तर ती हवा न गाळताच पुढे जाते. घरातील दम्याचा रुग्ण औषधे बदलत राहतो आणि कारण छतावर असते.

त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. यंत्र गॅरेजमध्ये बसवलेले असेल किंवा परतीची वाहिनी तेथून जात असेल, तर मोटार सुरू केल्यावर निघणारा धूर फटींतून वाहिनीत शिरू शकतो. दुसरी शक्यता घरातील दाब कमी होण्याची. गॅसवर चालणारा पाणी तापवण्याचा बंब आपला धूर नैसर्गिकरीत्या धुराड्यातून वर सोडतो. गळतीमुळे त्याच्या आसपासचा दाब पुरेसा खाली गेला तर धुराड्यातील प्रवाह उलटतो आणि धूर घरात पसरतो. हे रोज घडत नाही. पण जेथे घडते तेथे त्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. म्हणून गॅसची उपकरणे असलेल्या घरात प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र असणे ही चैन नव्हे, गरज आहे. गळती बुजवणे हा त्यानंतरचा उपाय. त्या यंत्राला पर्याय नव्हे.

नावाची चिकटपट्टी

या विषयातील सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे डक्ट टेप. नाव ऐकून कोणीही हीच पट्टी डक्टसाठी केली असावी असे समजेल. तिचा इतिहास वेगळाच आहे. दुसऱ्या महायुद्धात इलिनॉय राज्यातील दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या व्हेस्टा स्टाउट या महिलेच्या लक्षात आले की, काडतुसांच्या खोक्यांवरील कागदी पट्टी ऐन लढाईत फाटते आणि सैनिकांना खोके उघडणे कठीण जाते. तिची दोन मुले नौदलात होती. तिने कापडी, जलरोधक पट्टीची कल्पना मांडली आणि वरिष्ठ दाद देईनात तेव्हा १९४३ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. कल्पना मान्य झाली आणि जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने ती पट्टी तयार केली. युद्ध संपल्यावर घरबांधणीला जोर आला, तेव्हा पत्र्याच्या वाहिन्यांवरही ती वापरली जाऊ लागली, तिचा रंग पत्र्यासारखा रुपेरी झाला आणि पुढे तिला डक्ट टेप हे नाव चिकटले.

नाव चिकटले, पट्टी मात्र चिकटून राहिली नाही. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेत मॅक्स शेरमन आणि इयन वॉकर या संशोधकांनी वाहिन्यांचे सांधे निरनिराळ्या पदार्थांनी बुजवून त्यांवर आळीपाळीने गरम आणि थंड हवा सोडली, काही नमुने भट्टीत तापवले. घरात अनेक वर्षांत होणारा त्रास त्यांनी थोड्या काळात घडवून आणला. १९९८ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष स्पष्ट होता. कापडी पाठीची आणि रबरी गोंदाची नेहमीची डक्ट टेप नापास झाली. उष्णतेने गोंद सुकतो, पट्टी आकसते आणि सांधा पुन्हा उघडा पडतो. जगातील असंख्य वस्तू तिने दुरुस्त करता येतील. ज्या वस्तूचे नाव तिने घेतले, तिच्यावर मात्र ती टिकत नाही. पुढे कॅलिफोर्नियाच्या ऊर्जाविषयक नियमांनीही अशी पट्टी केवळ तिच्या भरवशावर वापरण्यास मनाई केली.

तिच्या जागी वापरायचा पदार्थ म्हणजे मॅस्टिक. हा दाट, चिकट, बहुधा पाण्यात कालवलेला लेप असतो; डब्यात मिळतो आणि जाड ब्रशने लावता येतो. वाळल्यावर तो कडक न होता रबरासारखा लवचीक राहतो, त्यामुळे पत्रा तापून पसरला किंवा गार होऊन आकसला तरी त्याला तडा जात नाही. दुसरा पर्याय अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची चिकटपट्टी. ती घेताना तिच्यावर यूएल १८१ ही खूण आहे ना, हे पाहावे. काचतंतूंच्या फळ्यांपासून केलेल्या वाहिन्यांसाठी १८१ ए आणि लवचीक नळ्यांसाठी १८१ बी असे तिचे दोन प्रकार आहेत.

शोध आणि मोजमाप

गळती शोधण्याचा प्राथमिक मार्ग कोणालाही जमण्यासारखा आहे. थर्मोस्टॅटवर पंख्याचा खटका स्वयंचलित स्थितीतून कायम चालू या स्थितीत आणावा, म्हणजे हवा सतत वाहू लागते. मग बॅटरी घेऊन वाहिन्यांच्या कडेने जावे. निखळलेली नळी, लोंबणारी चिकटपट्टी, वळणावर चेपलेली लवचीक नळी या गोष्टी नजरेने दिसतात. उष्णतारोधक आवरणावर काळपट डाग असतील तर ते गळतीचे निशाण समजावे. तेथून वर्षानुवर्षे हवा वाहत असते आणि आवरण चाळणीप्रमाणे धूळ धरून ठेवते. ओला हात सांध्याजवळ नेल्यास झोत जाणवतो. याहून सोपे साधन प्रत्येक मराठी घरातील देवघरात असते. पेटवलेली उदबत्ती सांध्याजवळ धरली की तिचा धूर जाणाऱ्या वाहिनीवर बाहेर फेकला जातो आणि परतीच्या वाहिनीवर आत ओढला जातो. मात्र आवरणाचे सुटे तंतू किंवा कागद जवळ असतील तेथे उदबत्ती नेऊ नये.

पोटमाळ्यावर चढताना काळजी हवी. उन्हाळ्यात पहाटेच जावे, तोंडावर मास्क आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत आणि पाय फक्त लाकडी तुळयांवर ठेवावा. मधला भाग छताच्या पातळ पाटीचा असतो. त्यावर पाय पडला तर माणूस सरळ खालच्या खोलीत उतरतो. घर जुने असेल आणि सांध्यांवर पांढरट, कागदासारखी पट्टी दिसली तर तिला हातही लावू नये. विसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेल्या घरांत अशा पट्ट्यांमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ती खरवडल्यास त्याचे घातक तंतू हवेत मिसळतात. तिची तपासणी तज्ज्ञाकडूनच करून घ्यावी.

नेमके मोजमाप हवे असेल तर व्यावसायिक तपासणी करावी. सर्व खोल्यांतील जाळ्या कागदाने आणि पट्टीने बंद करतात, वाहिन्यांना एक मोजणीचा पंखा जोडतात आणि आतला दाब २५ पास्कलपर्यंत वाढवतात. तो दाब टिकवण्यासाठी पंख्याला मिनिटाला जितकी हवा भरावी लागते तितकी गळती. अमेरिकेतील आदर्श ऊर्जा संहितेच्या २०१२ च्या आवृत्तीने नव्या घरांसाठी दर १०० चौरस फुटांमागे चार घनफूट एवढीच मर्यादा घातली. म्हणजे २००० चौरस फुटांच्या घरात मिनिटाला ८० घनफूट. २००९ च्या आवृत्तीत हीच मर्यादा बारा घनफूट होती. कोणती आवृत्ती लागू करायची हे तेथे राज्ये आणि स्थानिक संस्था ठरवतात. चाचणीतील दाब आणि रोजच्या वापरातील दाब वेगवेगळे असल्यामुळे हा आकडा म्हणजे रोजची गळती नव्हे. पण दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर अशी दोनदा चाचणी केली की कामाचा खरेपणा कळतो. कंत्राटदाराशी बोलताना दुसऱ्या चाचणीचा आग्रह धरावा.

सांधे लिंपताना

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पूर्ण निखळलेल्या नळ्या जोडाव्यात. एक सुटलेली नळी शंभर बारीक फटींपेक्षा जास्त हवा सांडते. त्यानंतर यंत्राजवळचा भाग घ्यावा. पंख्याच्या अगदी जवळ हवेचा दाब सर्वाधिक असतो, म्हणून तेथली अर्ध्या बोटाची फट टोकाकडच्या तेवढ्याच फटीपेक्षा अधिक गळते. मग मुख्य वाहिनीतून निघणारे फाटे आणि शेवटी खोलीतील जाळीमागचा पत्र्याचा डबा. हा डबा आणि भिंत किंवा जमीन यांच्यामधील फट बहुतेक घरांत उघडीच राहिलेली असते. जाळीचे दोन-चार स्क्रू काढले की ती दिसते आणि तासाभरात बुजवता येते.

लेप हा गोंद आहे, खिळा नव्हे, हे विसरू नये. गोल पत्र्याच्या सांध्याला आधी किमान तीन स्क्रू मारावेत. लवचीक नळीचा आतला थर धातूच्या गळ्यावर चढवून प्लास्टिकच्या पट्टीने आवळावा आणि बाहेरचे आवरण वेगळ्या पट्टीने बांधावे. पत्र्यावरील धूळ आणि तेलकटपणा पुसून मगच मॅस्टिक लावावे. सांध्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे इंचभर जाईल असा, नाण्याच्या जाडीइतका थर पुरेसा होतो. फट पाव इंचाहून मोठी असेल तर काचतंतूंची जाळीदार पट्टी बसवून तिच्यावर लेप द्यावा. लेप नीट वाळल्यानंतरच वाहिनीवर उष्णतारोधक आवरण गुंडाळावे. आवरण उष्णता अडवते, हवा अडवत नाही. गळक्या नळीवर आवरण चढवणे म्हणजे फाटक्या खिशावर अस्तर लावण्यासारखे आहे.

काही जागा मात्र कधीही बुजवू नयेत. भट्टीला ज्वलनासाठी हवा घेणारी भोके, धुराडे आणि त्याचे सांधे यांना घरच्या माणसाने हात लावू नये. चाळणीचे झाकण आणि यंत्राची उघडझाप होणारी दारे यांवर मॅस्टिक थापल्यास पुढच्या वेळी ती उघडणारच नाहीत. तेथे चिकटपट्टीच योग्य. काम संपल्यावर गॅसची उपकरणे धूर बाहेर टाकतात ना, याची तपासणी तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. काही घरांत परतीची वाहिनी मुळातच अरुंद असते आणि गळतीच्या भोकांमुळेच यंत्राला पुरेशी हवा मिळत असते. ती भोके बुजवल्यावर यंत्राला धाप लागते, थंड नळ्यांवर बर्फ जमतो. अशा वेळी परतीची वाहिनी वाढवणे हाच उपाय. भोके पुन्हा उघडणे नव्हे.

भिंतींत आणि छतात बंद झालेल्या वाहिन्यांपर्यंत हात पोहोचत नाही. त्यासाठी बर्कलेच्याच प्रयोगशाळेत मार्क मोडेरा यांनी १९९० च्या दशकात एक युक्ती शोधली. सर्व जाळ्या बंद करून वाहिनीत दाबाखाली चिकट पदार्थाचे अतिसूक्ष्म कण सोडायचे. हवेला बाहेर पडायला फटींखेरीज वाट नसते. ती फटीकडे वळताना कण कडेवर आपटतात, तेथेच चिकटतात आणि हळूहळू फट भरत जाते. एरोसील या नावाने हे तंत्र बाजारात आले. ते परिणामकारक आहे. परंतु खर्चिक आहे आणि निखळलेली किंवा फाटलेली नळी त्याने जोडली जात नाही. ते काम आधी हातानेच करावे लागते.

फसवणूक आणि गैरसमज

वाहिन्या स्वच्छ करणे आणि वाहिन्या लिंपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अल्प दरात संपूर्ण घराच्या वाहिन्या साफ करून देतो, असे सांगणारे दूरध्वनी अमेरिकेत पुष्कळांना येतात. वाहिन्यांच्या सफाईने आरोग्याच्या तक्रारी टळतात हे सिद्ध झालेले नाही, असे तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेचे म्हणणे आहे. बुरशी, उंदीर किंवा प्रचंड धूळ असेल तर सफाई योग्यच. पण गळती तशीच राहिली तर आज काढलेली धूळ उद्या परत येणार.

दुसरा गैरसमज, वापरात नसलेल्या खोलीची जाळी बंद केली की पैसे वाचतात, हा. खोलीतला दिवा बंद करण्याची आपली सवय येथे उपयोगी पडत नाही. पंखा तेवढीच हवा ढकलू पाहतो. एक तोंड बंद केले की वाहिनीतील दाब वाढतो आणि उरलेल्या फटींतून गळती वाढते.

भारतातील बहुतेक घरांत भिंतीवरची यंत्रे असल्यामुळे हा प्रश्न आपल्या दाराशी अजून फारसा आलेला नाही. मुंबई-पुण्यातील मोठ्या सदनिकांत मात्र आता खोट्या छतात यंत्र लपवून वाहिनीतून हवा सोडण्याची पद्धत दिसू लागली आहे. तेथे गळती पोटमाळ्यावर होत नाही. पण सैल सांध्यातून सुटलेली थंड हवा शेजारचा पत्रा आणि छताची पाटी गार करते, पावसाळ्यातील दमट हवा त्यावर द्रवते आणि पांढऱ्याशुभ्र छतावर पिवळट डाग उमटतात. छत बंद होण्यापूर्वी अर्धा तास उभे राहून सांध्यांवर लेप बसला आहे की नाही हे पाहिले, तर पुढची डोकेदुखी टळते.

अमेरिकेत घर विकत घेताना होणारी नेहमीची पाहणी डोळ्यांना दिसेल तेवढीच असते. वाहिन्यांची दाबचाचणी तीत सहसा नसते. ती स्वतंत्रपणे मागावी लागते. अनेक राज्यांत वीज आणि गॅस कंपन्या घराच्या ऊर्जातपासणीसाठी सवलत देतात. तिची चौकशी आपल्या कंपनीकडे करावी. ते होईपर्यंत निदान यंत्राजवळचे सांधे आणि जाळ्यांमागच्या फटी एखाद्या रविवारी पाहून घ्याव्यात. एक डबा मॅस्टिक, एक ब्रश, एक बॅटरी आणि एक उदबत्ती एवढेच साहित्य लागते. पुढच्या हिवाळ्यात आईवडील येतील तेव्हा गॅरेजवरच्या त्या खोलीत विजेची शेगडी ठेवावी लागली नाही, तर काम चांगले झाले असे समजावे.